प्रकाशतंतू मापनयंत्रांचे अंशशोधन

प्रकाशतंतूतून जाणाऱ्या प्रकाशाची शक्ती, तरंगलांबी, घट आणि केबलमधील दोषाचे अंतर मोजणाऱ्या यंत्रांचे वाचन ज्ञात मानकाशी ताडून पाहण्याची व त्यांतील फरक अनिश्चिततेसह नोंदवण्याची क्रिया. व्यवहारात तिला कॅलिब्रेशन म्हणतात. हा फरक ठरलेल्या मर्यादेत बसतो का, हे पाहणे म्हणजे पडताळणी. यंत्र जुळवून फरक कमी करणे म्हणजे समायोजन.

पॉवर मीटर : यातील शोधक बहुधा इंडियम गॅलियम आर्सेनाइडचा असतो. त्याचा प्रतिसाद तरंगलांबी व तापमान यांनुसार बदलतो. त्यामुळे १३१० आणि १५५० नॅनोमीटर अशा वापरातल्या प्रत्येक तरंगलांबीला त्याचे अंशशोधन वेगळे करावे लागते आणि प्रयोगशाळेचे तापमान स्थिर राखावे लागते. एकाच स्थिर स्रोताचा प्रकाश आधी संदर्भ मीटरला, मग तपासायच्या मीटरला देऊन वाचने ताडतात. आयईसी ६१३१५ हे त्याचे मानक आहे. १५५० नॅनोमीटरला चांगल्या तंतूत दर किलोमीटरला सुमारे ०.२ डेसिबल घट होते. मीटरमध्येच तेवढी चूक असेल, तर एका किलोमीटरची घट हिशेबातून नाहीशी होते किंवा जास्तीची दिसते.

ओटीडीआर : हे यंत्र तंतूत प्रकाशाचे स्पंद सोडते आणि मागे परतणाऱ्या अंधुक प्रकाशाला लागलेल्या वेळेवरून अंतर काढते. एक किलोमीटरच्या जाण्यायेण्याला सुमारे ९.८ मायक्रोसेकंद लागतात. अंतराची मोजपट्टी तपासण्यासाठी ज्ञात लांबीचा तंतू, प्रकाश फिरत ठेवणारे तंतूचे वेटोळे किंवा ठरावीक उशिराने स्पंद देणारा बाह्य स्रोत वापरतात. घटीच्या मोजपट्टीसाठी ज्ञात घटीचा मानक तंतू चालतो. सिंगल-मोड तंतूंसाठी आयईसी ६१७४६-१ हे मानक लागू होते. यंत्र अचूक असूनही त्यात तंतूचा अपवर्तनांक १.४६८ ऐवजी १.४७८ भरला, तर ५० किलोमीटरवरचा दोष सुमारे ३४० मीटर अलीकडे दिसतो आणि खोदाई भलत्याच जागी होते. ही चूक अंशशोधनाच्या प्रमाणपत्राने टळत नाही.

तरंगलांबी : वर्णपट विश्लेषक तपासण्यासाठी ॲसिटिलीन व हायड्रोजन सायनाइड या वायूंच्या शोषणरेषा वापरतात. त्यांच्या जागा रेणूंच्या रचनेने ठरलेल्या असल्याने त्या भरवशाच्या खुणा ठरतात.

मानकांची साखळी : भारतात भौतिक मापनाची राष्ट्रीय मानके दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे आहेत. तेथून, किंवा अन्य देशाच्या तशाच संस्थेकडून, अधिस्वीकृत प्रयोगशाळेच्या संदर्भ यंत्रापर्यंत आणि पुढे प्रत्यक्ष कामावरच्या यंत्रापर्यंत तुलनेची साखळी अखंड असावी लागते. प्रत्येक टप्प्यावर अनिश्चितता वाढते. प्रयोगशाळांची क्षमता आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार तपासून एनएबीएल ही संस्था अधिस्वीकृती देते.

उदाहरणार्थ, जयपूरमध्ये मालवीय औद्योगिक क्षेत्रात केंद्र सरकारच्या एसटीक्यूसी संचालनालयाचे इलेक्ट्रॉनिक्स टेस्ट अँड डेव्हलपमेंट सेंटर आहे. इलेक्ट्रॉनिक उपकरणांची चाचणी व अंशशोधन हे अशा केंद्रांचे काम. मात्र अधिस्वीकृती सरसकट नसते. ती विशिष्ट राशी, पल्ला आणि अनिश्चिततेपुरती असते. म्हणून ओटीडीआर कोणत्याही प्रयोगशाळेकडे देण्यापूर्वी तिच्या अधिस्वीकृतीच्या व्याप्तीत प्रकाशीय शक्ती किंवा तंतूची लांबी आहे का, हे पाहावे.

मधल्या काळातील पडताळणी : जयपूरच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो. अशा उन्हात, धुळीत आणि गाडीच्या हादऱ्यांत वापरलेले यंत्र प्रमाणपत्राची मुदत संपण्याआधीही बिघडू शकते. त्यासाठी ज्ञात लांबीचे तंतूचे रीळ व राखीव पॅचकॉर्ड जवळ ठेवून वाचन वेळोवेळी ताडतात. त्याआधी कनेक्टरचे टोक सूक्ष्मदर्शकाखाली पाहून स्वच्छ करावे लागते, कारण धुळीने झालेली घट यंत्राच्या चुकीसारखीच दिसते.

पुढील अंशशोधन कधी, हे आयएसओ/आयईसी १७०२५ नुसार प्रयोगशाळा ग्राहकाशी ठरल्याखेरीज प्रमाणपत्रावर लिहीत नाही. वर्षभराची मुदत रूढ असली, तरी ती ठरवण्याची जबाबदारी यंत्र वापरणाऱ्याचीच असते.