नरभक्षक बिबट्यासाठी रायफल व गोळीची निवड

नरभक्षक ठरलेल्या बिबट्यास ठार करण्याची परवानगी मिळाल्यानंतर कोणत्या कॅलिबरची रायफल व कोणत्या प्रकारची गोळी वापरावी, हा वन्यजीव व्यवस्थापनातील एक तांत्रिक प्रश्न आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात हौशी शिकारीस बंदी असल्यामुळे मोठ्या श्वापदावर गोळी झाडण्याचा प्रसंग आता अपवादानेच येतो.

पार्श्वभूमी

ऑक्टोबर २०२०मध्ये पाथर्डी तालुक्यातील मढी, केळवंडी व शिरापूर या गावांच्या परिसरात बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले. गर्भगिरीच्या डोंगररांगेलगतच्या या भागात वनविभागाने पिंजरे लावले. पुढील दोन महिन्यांत शेजारच्या आष्टी तालुक्यात व नंतर करमाळा तालुक्यातही माणसांवर हल्ले झाले. अखेर डिसेंबर २०२०मध्ये करमाळा तालुक्यातील बिटरगाव परिसरात एका बिबट्यास गोळी घालून ठार करण्यात आले.

अधिनियमाच्या कलम ११ नुसार अशी परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. अनुसूची १ मधील प्राणी पकडणे, बेशुद्ध करणे वा स्थलांतरित करणे शक्य नाही, अशी त्यांची खात्री पटावी लागते.

कॅलिबर

कॅलिबर म्हणजे नळीचा, पर्यायाने गोळीचा, व्यास. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार नरभक्षक वाघ वा बिबट्यासाठी .३७५ मॅग्नमपेक्षा कमी क्षमतेचे शस्त्र वापरू नये. .३७५ म्हणजे सुमारे साडेनऊ मिलिमीटर. हे काडतूस हॉलंड अँड हॉलंड या इंग्लिश कंपनीने १९१२मध्ये आणले. त्यातील ३०० ग्रेनची (सुमारे १९.४ ग्रॅम) गोळी सेकंदाला साधारण ७६० मीटर वेगाने सुटते.

बिबट्या वजनाने वाघाच्या निम्म्याहूनही कमी भरतो, त्याची कातडीही पातळ असते. त्यामुळे केवळ शरीराच्या मानाने पाहिले तर एवढ्या शक्तीची गरज नाही. जिम कॉर्बेट यांनी रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या मे १९२६मध्ये .२७५ रिग्बी या हलक्या रायफलीने मारला होता. मात्र कॉर्बेट यांची नेमबाजी सर्वांच्या ठायी नसते. सूचनेतील मर्यादा वाघ व बिबट्या दोहोंसाठी एकच असून ती सुरक्षिततेच्या बाजूला झुकलेली आहे. तिचा तोटा असा, की .३७५चा खांद्यास बसणारा धक्का मोठा असतो आणि सराव नसलेल्या माणसाचा नेम त्यामुळे बिघडतो.

भारतात परवान्यावर अधिक आढळणारी रायफल म्हणजे .३१५. ती बिबट्यास मारू शकते, परंतु वरील मर्यादेत बसत नाही. बारा बोअरची बंदूक छर्‍यांच्या काडतुसासह अगदी जवळून परिणामकारक ठरते. जखमी बिबट्याचा झुडपात माग काढताना जुने शिकारी ती जवळ बाळगत. अंतर वाढले की छरे विखुरतात आणि जनावर नुसते जखमी होते.

गोळीचा प्रकार

कॅलिबरइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व गोळीच्या घडणीस आहे. अखंड कठीण आवरणाची 'सॉलिड' गोळी हत्ती, गवा अशा जाड कातडीच्या प्राण्यांसाठी असते. बिबट्याच्या शरीरातून ती न फुलता आरपार जाते. जखम अरुंद राहते, जनावर निसटते आणि पलीकडे गेलेली गोळी धोकादायक ठरते. पाथर्डीसारख्या भागात उसाच्या वा बाजरीच्या फडामागे बहुधा एखादी वस्ती असते, ही बाब येथे विसरता येत नाही. म्हणून शिशाचे टोक उघडे असलेली 'सॉफ्ट नोज' गोळी निवडली जाते. ती शरीरात शिरताच फुलते, रुंद जखम करते व आपली बरीचशी शक्ती आतच खर्च करते. नेम खांद्यामागे, हृदय व फुफ्फुसांवर धरतात.

जखमी होऊन निसटलेला बिबट्या पूर्वीपेक्षा अधिक घातक असतो. त्यामुळे रात्री, चालत्या वाहनातून वा पिकात हलणार्‍या सावलीवर गोळी झाडणे अयोग्य मानले जाते. यवतमाळ जिल्ह्यात २ नोव्हेंबर २०१८ रोजी टी-१ ('अवनी') वाघिणीस रात्री वाहनातून गोळी घातली गेली, तेव्हा कार्यपद्धतीच्या पालनावर मोठा वाद झाला होता.

मृत प्राणी

परवानगीने मारलेला बिबट्या कलम ३९ नुसार शासनाची मालमत्ता ठरतो; कातडी वा नखे नेमबाजास मिळत नाहीत. पशुवैद्यक शवविच्छेदन करतात व त्यानंतर अवशेषांची विल्हेवाट लावली जाते.