शॉटगनवरील जोडभागांची बांधणी
स्पर्धेच्या शॉटगनवर बसवलेले जोडभाग गोळीबाराच्या धक्क्याने सैल होऊ नयेत किंवा सरकू नयेत, यासाठी केलेली बांधणी. ट्रॅप व स्कीटच्या बंदुकीवर असे भाग थोडे. नळीच्या तोंडाशी आट्यांनी बसणारा बदलता चोक हाच मुख्य. १९७६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आयपीएससी या संघटनेच्या धाटणीच्या स्पर्धांत मात्र वाढीव मॅगझीन नळी, बंदुकीच्या बाजूला जादा काडतुसे धरणारा काडतूसपट्टा, रेड डॉट दर्शक आले आणि हा प्रश्न तीव्र झाला.

बार उडताच बंदूक झटक्याने मागे येते; जोडभाग जागीच राहू पाहतो, म्हणजे बंदुकीच्या तुलनेत पुढे सरकतो (पहा : जडत्व). म्हणून आडव्या खाचांच्या पिकॅटिनी पट्टीवर दर्शक बसवताना त्याचा आडवा दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवून मगच स्क्रू आवळतात. स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्यांना आटेबंद द्रव लावतात; त्याआधी आट्यांवरचे तेल पुसावे लागते, नाहीतर तो धरत नाही. हा द्रव हवेविना, धातूच्या सान्निध्यात घट्ट होतो. त्याचा निळा प्रकार साध्या हत्याराने सुटतो, लाल प्रकाराला उष्णता लागते. या दोहोंपैकी बारीक स्क्रूंना निळा योग्य. स्क्रूच्या डोक्यापासून शेजारच्या धातूपर्यंत रंगाची रेघ ओढून ठेवतात. ती तुटलेली दिसली, की स्क्रू फिरल्याचे कळते.

पंप बंदुकीत काडतूसपट्ट्याचे आरपार स्क्रू अति आवळल्यास पंपाची हालचाल अडते. चोकला आटेबंद द्रव लावत नाहीत. आट्यांना वंगण देऊन, बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, तो फेऱ्यांच्या मधे आवळून पाहतात (पहा : चोक). सैल चोकमागे छरे शिरल्यास नळीचे तोंड फुटू शकते.