आमुन्सेन-स्कॉट दक्षिण ध्रुव केंद्र

अंटार्क्टिकावरील अमेरिकेचे संशोधन केंद्र. स्थान भौगोलिक दक्षिण ध्रुवावर. समुद्रसपाटीपासून उंची सु. २,८३५ मी. ध्रुवावर पहिल्यांदा पोहोचलेले रोआल आमुन्सेन (१४ डिसेंबर १९११) आणि महिन्याभराने तेथे आलेले रॉबर्ट स्कॉट यांची नावे त्याला दिली आहेत. १९५७ चा पहिला हिवाळा पॉल सायपल यांच्या नेतृत्वाखाली १८ जणांनी येथे काढला.

येथे हिमवृष्टी बेताचीच. वर्षाला साधारण २० सेंमी. थर साचतो. तरी पहिले केंद्र पुरते गाडले गेले. त्याला कारण आभाळातून पडणाऱ्या हिमापेक्षा वाऱ्याने वाहून आणलेले हिम. पूर्व अंटार्क्टिकाच्या उंच पठारावरची गार, जड हवा उताराने सरकत बहुतेक वेळा एकाच बाजूने येते. वेग सरासरी ताशी २० किमी.च्या आसपास, पण भुरभुरीत कण उचलायला तेवढा पुरतो. वाटेत भिंत आली की तिच्या आडोशाला हवा मंदावते, भोवरे घेते आणि हातचे ओझे तिथेच टाकते. थोडक्यात, इमारत स्वतःच स्वतःला गाडते.

१९७५ मध्ये बांधलेला सु. ५० मी. रुंद ॲल्युमिनियमचा घुमट आतल्या खोल्यांना आडोसा देई. पण वाऱ्याला तोही अडथळाच होता. त्याच्याभोवती हिम चढत गेले. २००९-१० मध्ये तो उतरवला.

आजची इमारत (उद्घाटन १२ जानेवारी २००८) ३६ खांबांवर उभी आहे. तिची वाऱ्याकडची कड तिरपी आहे. त्यामुळे हवा इमारतीखालच्या फटीत दाबली जाते आणि अरुंद बोळातल्या वाऱ्यासारखी वेगाने निघताना खालचे हिम झाडून नेते. युक्ती चांगली, पण अर्धीच: झाडलेले हिम मागे ढीग करते, आणि भोवतालची पातळी वर्षागणिक चढतेच. म्हणून खांबांवरून इमारत जॅकने उचलण्याची सोय ठेवली आहे.

ध्रुवप्रदेशातील हिमकुंपणे याच्या उलट चालतात. त्यांनी हिम मुद्दाम खाली पाडायचे असते. भरीव भिंतीमागे ढीग जवळ आणि आखूड पडतो. निम्मी जागा मोकळी ठेवलेल्या फळ्यांच्या कुंपणातून थोडा वारा पार होतो, भोवरे कमी होतात आणि ढीग लांबवर पसरतो. म्हणून कुंपण वाऱ्याकडच्या बाजूला, इमारतीपासून पुरेसे दूर हवे. जवळ घातले, तर जे वाचवायचे तेच गाडले जाते.

वारा बहुतेक वेळा एकाच बाजूने येतो; या नियमिततेचा खरा लाभ वातावरणाच्या अभ्यासाला झाला. हवेचे नमुने घेणारी वेधशाळा मुख्य इमारतीच्या वाऱ्याकडच्या बाजूला आहे, म्हणजे केंद्राचा धूर तिच्यापर्यंत क्वचितच येतो. तिच्यापुढचा पट्टा ‘स्वच्छ हवेचा विभाग’ म्हणून राखीव असून तेथे वाहने नेण्यावर कडक निर्बंध आहेत.