चाळीचे खरेदीखत आणि थकलेले भाडे

गिरगावातील किंवा लालबाग-परळातील एखादी जुनी चाळ विकली जाई, तेव्हा खरेदीखताबरोबरच नव्या मालकाच्या हाती आणखी एक दस्तऐवज पडे, तो म्हणजे भाडेवसुली करणाऱ्या मेहताजींची वही. खरेदीखतात जागेच्या चतुःसीमा असत. वहीत मात्र कोणत्या खोलीचे किती महिने थकले आहेत, कोणते बिऱ्हाड गावी गेले आहे आणि कोणाची वसुली तुकड्यातुकड्यांनी होत आहे, हे सारे नोंदलेले असे. चाळीची किंमत मोजून आलेल्या नव्या मालकास ही बाकी म्हणजे आपल्या खरेदीचाच एक भाग वाटावी हे स्वाभाविक होते; परंतु 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या 109 व्या कलमाने त्याचा हा समज आधीच दूर केला होता. विक्रीपूर्वी थकलेले भाडे, विक्रेता व खरेदीदार यांच्यात तसा करार नसेल तर, नव्या मालकास मागता येत नाही. आणि विक्रीची वार्ता ज्याच्या कानी आली नाही अशा भाडेकरूने पूर्वीच्याच मालकास भाडे चुकते केले असेल, तर ते त्याच्याकडून दुसऱ्यांदा घेता येत नाही.

थकबाकी का साचे, हे समजण्यास गिरणगावातील मजुरीची रीत ध्यानात घेतली पाहिजे. महिना भरल्यानंतरही पगार हाती पडण्यास कित्येक दिवस लागत, आणि मधल्या काळात वाण्याची उधारी व पठाणाचे व्याज यांच्यावर संसार चाले. बदली कामगारास तर रोज पहाटे गिरणीच्या दारात उभे राहूनही काम मिळेलच याची शाश्वती नसे. कोकणातून व घाटावरून आलेला हा मनुष्य पगारातील काही अंश मनिऑर्डरने घरी धाडी, शिमग्यास किंवा गणपतीस गावी जाई, आणि परत येईपर्यंत खोलीचे भाडे चढलेले असे. मेहताजींना हे ऋतुमान तोंडपाठ होते, म्हणून ते तगादा लावीत तो पगाराची तारीख पाहून. असे ज्ञान कोणत्याही खरेदीखताने हस्तांतरित होत नाही, आणि नव्या मालकाची पहिली अडचण ही बहुधा रकमेची नसून या अज्ञानाचीच असे, असे मला निश्चितपणे वाटते.

ज्याला धीर धरवत नसे त्याच्या हाती कायद्याने एक कठोर शस्त्र दिले होते. 1882 च्याच प्रेसिडेन्सी स्मॉल कॉज कोर्ट कायद्यान्वये, बारा महिन्यांच्या आतील थकबाकीसाठी घरमालकाने अर्ज केला की न्यायालयाचा बेलिफ सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या दरम्यान खोलीत शिरून जंगम वस्तू जप्त करू शके. अंगावरील आवश्यक वस्त्रे आणि प्रत्यक्ष हातात वापरात असलेली वस्तू यांना जप्तीतून सूट होती. कारागिराची हत्यारेही, इतर चीजवस्तूंतून बाकी भागत असेल तर, वगळली जात. ज्या बिऱ्हाडाची मालमत्ता चार भांडी आणि एक ट्रंक एवढीच, तेथे ही सूट कितीशी उपयोगी पडणार! चाळीच्या गॅलरीत सर्वांच्या देखत भांडी बाहेर निघणे ही दरिद्री कुटुंबाची जी विटंबना, तिची भरपाई पुढे भाडे फिटले तरी होत नाही.

1896 साली प्लेग आला आणि लोक लाखांनी शहर सोडून गेले, तेव्हा भाडे मागावे तरी कोणाकडे हाच प्रश्न होता. पहिल्या महायुद्धाच्या काळात याच्या उलट घडले: वस्ती वाढली, भाडी भडकली, आणि 1918 मध्ये सरकारला प्रथमच भाड्यांवर कायद्याचे नियंत्रण आणावे लागले. पुढे वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे 207 बीडीडी चाळी बांधून सरकार स्वतःच मोठा घरमालक झाले, तरी प्रारंभी त्यांतील कित्येक खोल्या रिकाम्याच राहिल्या. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गिरण्यांचा सार्वत्रिक संप चालला. सहा महिने पगार नाही म्हणजे भाडेही नाही, हे सांगण्यास मेहताजींच्या वहीचीही आवश्यकता नव्हती.

या दीर्घ अनुभवानंतर 1947 चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याच्या 12 व्या कलमाचे तत्त्व असे की, भाडेकरू प्रमाण भाडे देत आहे किंवा देण्यास तयार व राजी आहे, तोपर्यंत मालकास कब्जा मागता येणार नाही. बाकी थकली तरी प्रथम लेखी नोटीस द्यावी, एक महिना वाट पाहावी, मगच दावा दाखल करावा. सहा महिने किंवा अधिक बाकी असून, भाड्याच्या रकमेविषयी वाद नसताना, नोटिशीनंतरच्या महिन्यातही जो भाडे चुकते करीत नाही, त्याच्यावरच कब्जाचा हुकूमनामा व्हावा. रकमेविषयी वाद असल्यास भाडेकरूने त्याच महिन्यात न्यायालयाकडे जावे, आणि न्यायालय ठरवील ती रक्कम भरीत राहावी. गरिबाच्या डोक्यावरील छप्पर एका चुकलेल्या पगारासाठी हिरावले जाऊ नये, ही या कलमातील दृष्टी मला अत्यंत न्याय्य वाटते.

परंतु याच कायद्याने प्रमाण भाडे 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधून टाकले, आणि त्यातून थकबाकीचा अर्थच पालटला. पूर्वीच्या मालकास भाडे हवे असे. महागाई वाढत गेली तसतसे ते गोठलेले भाडे वसुलीच्या खर्चासही पुरेना, तेव्हा नव्या मालकास भाड्यापेक्षा खोली अधिक मोलाची झाली. सहा महिने थकावेत हीच त्याची इच्छा! तो भाडे घेण्याची टाळाटाळ करी. भाडेकरू मनिऑर्डर पाठवी. ती नाकारली जाऊन परत येई, आणि नकाराचा शेरा असलेला तो कागद भाडेकरू जिवापाड जपून ठेवी, कारण आपण देण्यास राजी होतो याचा तोच पुरावा. लघुवाद न्यायालयात असे दावे वर्षानुवर्षे रेंगाळत राहिले. निषिद्ध असूनही पागडी फोफावली. दुरुस्ती थांबल्याने जिने खचले, वासे कुजले. आणि 1969 मध्ये दुरुस्तीसाठी उपकर लावून स्वतंत्र मंडळ स्थापावे लागले. भाडेकरूस संरक्षण देणे योग्य होते, पण मालकास त्याच्याच घराविषयी उदासीन करून सोडणे हा मोठा प्रमाद होता, आणि त्याची किंमत भाडेकरूनेच गळक्या छपराखाली राहून मोजली.

सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या भाड्याच्या या तरतुदी कालबाह्य ठरविल्यानंतर 1999 चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला व 31 मार्च 2000 पासून तो अमलात आला. त्याने भाड्यात दरवर्षी चार टक्के वाढीची मुभा दिली, पागडीस मान्यता दिली आणि थकबाकीच्या नोटिशीची मुदत नव्वद दिवसांची केली. दावा दाखल झाल्यानंतरही, समन्स बजावल्यापासून नव्वद दिवसांच्या आत सर्व बाकी पंधरा टक्के सरळव्याजासह व दाव्याच्या खर्चासह भरून, पुढील भाडे नियमितपणे देत राहणाऱ्या भाडेकरूविरुद्ध थकबाकीच्या कारणावरून कब्जाचा हुकूमनामा करता येत नाही.