गफ्फार बेग मुन्शींचा शेजारधर्म

महात्मा फुले यांचं चरित्र आपण शाळेत शिकतो ते बहुधा 1848 पासून. भिडेवाड्यातली मुलींची शाळा, सावित्रीबाई, अंगावर फेकलेलं शेण आणि दगड. शिक्षिका म्हणून मला मात्र त्याच्या आधीची काही वर्षं जास्त महत्त्वाची वाटतात. त्या वर्षांत जोतीबांचं शिक्षण कायमचं संपल्यातच जमा होतं.

जोतीबांचा जन्म 1827 चा. ते वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा आई चिमणाबाई वारल्या. नात्यातल्या सगुणाबाई क्षीरसागर या विधवा बाईंनी लेकराला आईच्या मायेनं वाढवलं. वडील गोविंदराव पुण्यात फुलांचा धंदा करीत. त्यांनी मुलाला सातव्या वर्षी शाळेत घातलं. त्या काळी माळ्याच्या घरात ही लहान गोष्ट नव्हती.

पुढे दुकानातल्या एका कारकुनानं गोविंदरावांच्या मनात भरवलं, की शिकून पोरगं बिघडेल, शेतीच्या कामाचं राहणार नाही. गोविंदरावांनी मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. 1840 च्या सुमारास लग्नही लावून दिलं. पण जोतीबांचं वाचन सुटलं नाही. दिवसभर मळ्यात राबून रात्री दिव्याच्या उजेडात ते पुस्तक उघडत, असं चरित्रकार सांगतात.

हे दोन शेजाऱ्यांच्या नजरेत आलं. एक होते उर्दू-फारसीचे शिक्षक गफ्फार बेग मुन्शी आणि दुसरे लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ. मुलगा हुशार आहे, त्याला परत शाळेत पाठवा, असं दोघांनी गोविंदरावांना समजावलं. गोविंदरावांनी ऐकलं. 1841 मध्ये जोतीबा पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले आणि 1847 मध्ये त्यांचं शिक्षण पूर्ण झालं. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींची शाळा काढली.

यात गोविंदरावांना खलनायक ठरवायचं कारण नाही. मुलाला शाळेत घालणारे तेच, काढणारेही तेच, पुन्हा पाठवणारेही तेच. 1849 मध्ये समाजाच्या दबावाखाली मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढणारेही तेच. तेव्हा या दोघांना आसरा मिळाला उस्मान शेख यांच्या घरी. दर वेळी गोविंदरावांच्या कानाशी कोण बोलत होतं, ते पाहावं. लेकराचं भलं बहुतेक आईबापांना हवंच असतं. भलं कशात आहे, हे मात्र ते आजूबाजूच्या माणसांकडून ऐकून ठरवतात.

1882 मध्ये हंटर आयोगापुढे जोतीबांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. ही मागणी करणारा माणूस स्वतः लहानपणी शाळेतून काढला गेला होता, हे आपण विसरतो. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा व्हायला 2009 साल उजाडलं.

कायदा झाला, पण कानाशी बोलणारे अजून आहेतच. मी उर्दू आणि मराठी शिकवते. सातवी-आठवी झाली, की काही पालक येतात आणि म्हणतात, "मॅडम, दाखला द्या." मुलगा मामूच्या गॅरेजवर जाणार असतो. मुलीचं हायस्कूल लांब असतं. कारण विचारलं, की कोणीतरी बोललेलं असतंच, "पढके क्या कलेक्टर बननेवाला है?" अशा वेळी शिक्षकानं समजावलं तर ते त्याचं कामच आहे, असं पालकांना वाटतं. तीच गोष्ट शेजारचे चाचा, मशिदीतले इमामसाहेब किंवा शिकलेली खाला बोलली, तर तिला वेगळं वजन येतं.

मुन्शीसाहेब फुल्यांच्या चरित्रांत दोन-तीन ओळींपुरते येतात. शेजारच्या मुलाकडे त्यांचं लक्ष होतं आणि त्याच्या बापाशी ते बोलले, एवढीच त्यांची नोंद. मुलगा आपल्या जातीचा नाही, धर्माचा नाही, म्हणून ते गप्प बसले नाहीत. जूनमध्ये शाळा सुरू झाली, की आपणही आपल्या गल्लीत कोणतं मूल घरी बसलंय ते बघावं. मूल कोणाचंही असो, त्याच्या अब्बांशी, वडिलांशी चहा घेता घेता एकदा बोलावं. एकदा बोलून जमलं नाही, तर पुन्हा जावं.