कापसाच्या वाटेवरचे खलाशी

तुकईथड आणि बऱ्हाणपूरच्या परिसरातील जुन्या मराठी घराण्यांत पूर्वजांच्या गोष्टी निघाल्या म्हणजे घोडी, गढ्या, सनदा आणि शेतजमिनी यांचा विषय निघतो. समुद्राचा सहसा निघत नाही. आपण सातपुड्याच्या कुशीतली, भूमार्गाने उत्तरेकडे येऊन स्थिरावलेली माणसे. तरीही ज्या ताप्तीच्या खोऱ्यात आपण राहतो ती ताप्ती सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि आपल्या मुलुखातील माल शतकानुशतके त्याच दिशेने जात आला आहे. तो माल पुढे कोणाच्या हातांनी सातासमुद्रापार गेला, याचा विचार येथे करावा असे आम्हांस वाटते.

सतराव्या शतकात बऱ्हाणपुरास आलेला फ्रेंच प्रवासी ताव्हेर्निये याने येथील तलम कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, फार काय पोलंडपर्यंत जात असल्याचे नमूद केले आहे. पुढे काळ बदलला. कापडाऐवजी कापूस जाऊ लागला. इ.स. 1869 मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि 1870 मध्ये मुंबईहून आपल्या भागातून जबलपूरकडे जाणारा लोहमार्ग पूर्ण होऊन थेट कलकत्त्याशी जोडला गेला. खानदेश, निमाड व वऱ्हाडचा कापूस गासड्यांत दाबला जाऊन मुंबईच्या गोदीत पोहोचू लागला. तेथून तो आगबोटीवर चढे. या आगबोटी इंग्रज कंपन्यांच्या असत. पण त्यांवर राबणाऱ्यांत आपल्या कोकणचीही पुष्कळ माणसे असत.

रत्नागिरी जिल्ह्यातील बंदरांत व खाड्यांच्या काठी राहणारे कोकणी मुसलमान, गुजरातचे खारवी, गोव्याचे ख्रिस्ती, पंजाबचे मुसलमान व पठाण असे नाना प्रांतांचे लोक मुंबईत बोटीवर भरती होत. कामांची वाटणीही बहुधा प्रांतवार असे. डेकवर कोकणी आणि खारवी, भट्टीपाशी पंजाबी व पठाण, तर भोजनगृहात व स्वयंपाकघरात गोवेकर. डेकवरच्या तुकडीचा मुख्य तो सारंग, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाणू धरणारा सुकाणी, दिवे व रंगाचे कोठार सांभाळणारा कसाब, मग साधे खलाशी. रांधणारा भंडारी आणि झाडलोट करणारा टोपास. खाली यंत्रघरात आगवाला, तेलवाला आणि कोळसा वाहणारा कोयलावाला. या सर्वांची मिळून एक मिश्र बोली झाली होती. तिच्या शब्दांचा कोश टॉमस रोबक याने 1811 मध्येच कलकत्त्यास छापला. माल खाली सोडताना दिली जाणारी ‘आरिया’ ही हाक पोर्तुगीजांकडून याच बोलीत आली.

काम कसे होते? भट्टीवाल्यांची पाळी चार तासांची, मग आठ तास सुटी, पुन्हा चार तास; असे दिवसरात्र, बंदर येईपर्यंत. तांबड्या समुद्रात भट्टीपाशी पारा पन्नास अंशांपर्यंत चढे. डेकवर गंज खरवडणे, रंग देणे, दोर ओढणे, तळघरांची झाकणे ताडपत्रीने आवळणे, आणि वादळात हीच कामे भिजत्या अंगाने करणे. कापसाच्या गासड्यांना आतल्या आत धग धरण्याची भीती असे. म्हणून असा माल भरलेल्या बोटीवर डोळ्यांत तेल घालून राहावे लागे.

मोबदला मात्र तुटपुंजा होता. दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी भारतीय खलाशाचा पगार ब्रिटिश खलाशाच्या पगाराच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढाच असे. 1906 च्या ब्रिटिश कायद्याने खलाशाला बोटीवर मिळणारी राहण्याची जागा वाढवली, परंतु भारतीय खलाशांना त्यातून वगळले. नोकरी मिळवण्यासाठी दलालाचे व सारंगाचे हात ओले करावे लागत, आणि बोट मिळेपर्यंतचा खर्च कर्जावर चाले. गोवेकरांनी यावर स्वतःचा तोडगा काढला. मुंबईत धोबीतलाव-माझगाव भागात प्रत्येक गावाची ‘कूड’ असे. बोटीची वाट पाहणारा गडी तेथे अल्प भाड्यात राही. आपले घर सोडून दूर आलेल्यांनी एकमेकांना असेच धरून राहावे लागते, हे आपल्या वाडवडिलांनाही ठाऊक होते.

1939 च्या उत्तरार्धात युद्ध पेटले तेव्हा याच खलाशांनी इंग्लंड व दक्षिण आफ्रिकेच्या बंदरांत पगारवाढीसाठी काम थांबवले. अनेकांना तुरुंगवास घडला. पण पगार वाढले. त्या सुमारास ब्रिटिश व्यापारी ताफ्यातील साधारण एक चतुर्थांश खलाशी भारतीय होते. युद्धात सहा हजारांहून अधिक जण समुद्रात गेले. त्यांची नावे असलेला ग्रंथ मुंबईत मशीद बंदरच्या खलाशीगृहात ठेवलेला आहे. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारकही तेथेच आहे. पाण्याखेरीज दुसरी कबर नसलेल्या माणसांचा तेवढाच एक पत्ता.

याच कथेला आपल्या परिसराशी जुळणारा एक धागा आहे. 1778 मध्ये पेशव्यांनी बऱ्हाणपूर शिंद्यांच्या हवाली केले, हे आपणांस ठाऊकच आहे. त्याच घराण्यातील ग्वाल्हेरच्या माधवराव महाराजांनी पहिल्या महायुद्धात जखमींसाठी घेतलेली ‘लॉयल्टी’ ही आगबोट युद्धानंतर सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी विकत घेतली आणि कंपनीस ‘सिंधिया’ असे नाव दिले. 5 एप्रिल 1919 रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. 1964 पासून तो दिवस राष्ट्रीय नौवहन दिन म्हणून पाळला जातो. 1927 मध्ये ‘डफरिन’ या प्रशिक्षण-नौकेवर भारतीय मुलांना अधिकारीपदाची दारे उघडली गेली.

नौवहन दिनी मालकांचे व कप्तानांचे स्मरण होते, ते योग्यच आहे. पण ज्या आगवाल्याने आपल्या शेतातला कापूस लिव्हरपूलला पोहोचवला, त्याचे नाव आपल्या इतिहासलेखनात यावयास हवे. मराठी माणसाच्या स्थलांतराचा इतिहास लिहिताना आपण उत्तरेकडे आलेल्या घोड्यांच्या टापा मोजतो; त्याच पानावर समुद्राकडे गेलेल्या या बांधवांनाही जागा द्यावी, अशी आमची वाचकांस विनंती आहे. आपल्यापैकी ज्यांचे येणेजाणे मुंबईस आहे, त्यांनी एकवार मशीद बंदरास जाऊन ती नावे वाचून यावीत.