जुलाब लागले की पाणी तोडू नका; भाकरीचं पोटात नेमकं काय होतं, जाणून घ्या

मेहकर : "जुलाब लागलेत, पाणी देऊ नका, अजून पातळ होईल," असं आजही अनेक घरांत ऐकायला मिळतं. नेमकी हीच चूक लहान लेकरांच्या जिवावर बेतते. ती चूक का, हे कळायला भाकरीचा तोंडापासूनचा प्रवास पाहावा लागतो.

ज्वारीच्या भाकरीचा कोरडा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो. लाळेतला पाचक रस पिठाची साखर करायला तोंडातच सुरुवात करतो. गिळलेला घास वीतभर लांबीच्या अन्ननलिकेतून काही सेकंदांत जठरात उतरतो. जठरात तीव्र आम्ल असतं. त्यात बरेचसे जंतू मरतात आणि अन्न घुसळून त्याची पातळ पेज होते. साध्या जेवणाला इथं दोन ते चार तास लागतात, तेलकट-तुपकट असलं तर जास्त.

आंबट ढेकर आली की आपल्याकडे 'पित्त झालं' म्हणतात. ते आंबट पाणी बहुतेक वेळा जठरातलं आम्लच असतं. खरं पित्त हिरवट-पिवळं आणि कडू. ते लिव्हरमध्ये तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि लहान आतड्यात उतरून तेला-तुपाचे बारीक थेंब करतं. स्वादुपिंडाचा रसही तिथंच येऊन मिळतो.

पचनाचं मोठं काम याच लहान आतड्यात होतं. ते सुमारे 20 फूट लांब असतं आणि आतून मखमलीसारखं, बारीक उंचवट्यांनी भरलेलं असतं. साखर, प्रथिनं, मीठ आणि पाणी या उंचवट्यांतूनच रक्तात जातं.

आता पाण्याचा हिशेब. माणूस दिवसभरात खाऊन-पिऊन साधारण 2 लिटर पाणी पोटात घालतो. लाळ, जठराचा रस, पित्त आणि आतड्यांचे रस मिळून शरीर स्वतःचं आणखी सुमारे 7 लिटर त्यात ओततं. म्हणजे रोज जवळपास 9 लिटर. यातलं बहुतेक पाणी लहान आतडं परत घेतं, उरलेलं पाच फुटांचं मोठं आतडं शोषतं. संडासवाटे जेमतेम पेलाभर पाणी बाहेर जातं.

दूषित पाण्यातले किंवा नासलेल्या अन्नातले जंतू आणि त्यांचं विष हा हिशेब बिघडवतात. आतडं पाणी परत घेईनासं होतं, कधी उलट स्वतःचंच पाणी सोडू लागतं. जुलाबातून जातं ते नुसतं प्यालेलं पाणी नव्हे, ते शरीरातलं पाणी आणि मीठ असतं. म्हणूनच पिणं बंद केलं तरी जुलाब थांबत नाहीत, माणूस फक्त सुकत जातो.

शेजारच्या लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याचा प्रसंग अनेकांना आठवत असेल. 20 फेब्रुवारी 2024 रोजी, एकादशीला, हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर शेकडो भाविकांना उलट्या-जुलाब सुरू झाले. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयात जागा पुरेना. बाहेर दोऱ्या बांधून त्यांना सलाईनच्या बाटल्या लटकवल्या आणि रुग्णांना जमिनीवर झोपवून उपचार करावे लागले.

सलाईन कमी पडलं तर काय करायचं, याचं उत्तर 1971 मध्ये बंगालातल्या बनगाव इथं मिळालं. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा पाण्यात मिसळून ते रुग्णांना प्यायला दिलं. सुमारे 30 टक्क्यांवर गेलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

यामागची गंमत अशी, की जुलाबातही आतड्याचं एक दार बहुतेक वेळा चालू राहतं. साखर आणि मीठ जोडीनं आलं की ते दोघांना आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणीही आत जातं. नुसतं पाणी किंवा नुसतं गोड सरबत पुरत नाही, ते यामुळंच.

ओआरएसचं पाकीट आशाताईंकडे आणि आरोग्य केंद्रात मोफत मिळतं. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच, उकळून गार केलेल्या पाण्यात पूर्ण पाकीट टाकावं आणि ते पाणी 24 तासांत संपवावं. पाकीट नसेल तर 1 लिटर पाण्यात चहाचे सपाट 6 चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मीठ यापेक्षा जास्त नको, लेकराला ते घातक ठरतं. दर जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला पाव ते अर्धा कप चमच्या-चमच्यानं, मोठ्या मुलाला अर्धा ते एक कप पाजावं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावं. अंगावरचं दूध तोडू नये. वरण-भात, खिचडी, दही चालतं. लहान मुलांना डॉक्टर झिंकच्या गोळ्याही 14 दिवस देतात. त्या जुलाब थांबल्यावर मध्येच सोडू नयेत. जुलाब बांधणाऱ्या गोळ्या मात्र मुलांना दुकानातून आणून देऊ नयेत.

डोळे खोल गेले, लेकरू सुस्त पडलं, काहीच पीत नाही, सहा तास लघवी नाही, संडासात रक्त आलं किंवा उलटी थांबतच नाही, यातलं एक जरी दिसलं तर घरी वाट पाहू नये. 108 ला फोन करावा आणि गाडी येईपर्यंत शुद्धीत असलेल्याला घोटघोट पाजत राहावं.